आरोहीचा दाखला

“दाखला मागायला तू आपल्या मनानं गेलतीस, का तुला कुनी पाठवलं?”

जोतिरामनं सुनेकडं न बघताच विचारलं. शनिवारी सकाळी सात वाजता पांढरा सदरा घालून तो पडवीतल्या बाजेवर ताठ बसला होता, जसा काही मीटिंगला आला आहे. प्रियदर्शनी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. रडायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, एवढं तिनं कालपासून ठरवून ठेवलं होतं.

“मीच गेले होते, मामा. कुणी पाठवलं नाही.”

“मुख्याध्यापकाचा मला फोन येतो. बिराजदार सर इचारत्यात, आप्पा, तुमच्या नातीचा दाखला काढायचाय म्हनं, तुमाला ठावं हाय का? मी त्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. काय सांगू त्यास्नी?”

प्रियदर्शनीनं कप खाली ठेवले. एक सासऱ्यापुढं आणि एक मायाक्कापुढं. मायाक्का जोतिरामची थोरली बहीण. मंगळवेढ्याहून कालच्या शेवटच्या एसटीनं ती आली होती. तिला कुणी बोलावलं हे कुणी विचारलं नव्हतं, पण ती कशासाठी आली हे सगळ्यांना माहीत होतं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली होती, “सकाळी बोलू.”

“अन् दाखला काढून पोरगीला घालनार कुटं?” जोतिराम म्हणाला. “सिद्याच्या वस्तीवर. दुसरी शाळाच न्हाय का तालुक्यात?”

सिदू त्याचा धाकटा भाऊ. येळगुंडीला शाळेची नवी इमारत मंजूर झाली, तेव्हा जोतिरामनं रस्त्याकडेची आपली पाच गुंठे जागा दिली होती. इमारत वस्तीवर व्हावी म्हणून सिदूनं त्याच वेळी वर अर्ज केला. इमारत गावात झाली, वस्तीवरची जुनी शाळाही चालू राहिली, आणि मैलभर अंतरावरच्या दोन भावांनी सहा वर्षांत एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर दोघं मायाक्काशी बोलायचे.

“आपल्या शाळंत काय कमी हाय, तेवढं सांग मला,” जोतिराम म्हणाला. “स्लॅबची इमारत हाय. खाली फरशी. नळाला पानी. भिंतीवर हा एवढा टीव्ही. आन् तितं? पत्र्याच्या दोन खोल्या. पोरं खाली सतरंजीवर बसत्यात.”

“आरोहीला वाचता येत नाही, मामा.”

आतल्या चुलीपाशी राजाबाई, जोतिरामची बायको, भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला.

“कोन म्हनतं? माझ्याम्होरं घडाघडा वाचती की ती.”

“पाठ आहे तिला सगळं. एप्रिलमध्ये मी भाजी निवडत बसले होते आणि ती शेजारी धडा वाचत होती. एकदा तिनं पान उलटलं, तर दोन पानं एकदम उलटली गेली. तिला कळलंच नाही. बोटाखाली पुढचं पान आणि तोंडात मधल्या पानावरचं. मी पुस्तक काढून घेतलं, दुसऱ्याच धड्यातली एक ओळ दाखवली. ती नुसती चित्राकडं बघत राहिली.” प्रियदर्शनीनं पदर मुठीत धरला. “तिसरीत गेली आता. सरांना विचारलं तर म्हणाले, येईल हळूहळू.”

“मग येईल की! सात वर्साचं लेकरू हाय.”

“वैष्णवीपण सात वर्षांचीच आहे.”

सिदूच्या नातीचं नाव या पडवीत सहसा कुणी घेत नसे. प्रियदर्शनीनं ते घेतलं आणि पुढं बोलत गेली, कारण आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला कळत होतं. मे महिन्यात सांगोल्याच्या लग्नाहून येताना दोघी पोरी स्टँडवर होत्या. समोर पाटी होती. आरोही पटकन म्हणाली, हॉटेल! सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. वैष्णवी मात्र अजून पाटीवरच अडून बसली होती, उ, पा, हा, र... शेवटी म्हणाली, उपाहारगृह, म्हणजे काय गं काकी?

“लोक चहा पीत होते म्हणून आपली म्हणाली हॉटेल. वैष्णवीनं वाचलं.”

जोतिराम मुलाकडं, शिवराजकडं वळला. “तुला म्हाईत हुतं?”

शिवराज खांबाला टेकून उभा होता. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि शुक्रवारी रात्री घरी यायचा. बायकोनं फोनवर दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यानं ‘आप्पांना कशाला दुखवायचं’ म्हणून विषय बदलला होता.

“होतं,” तो म्हणाला. मग घाईनं म्हणाला, “आप्पा, मी काय म्हणतो, तिला मी सोलापूरलाच नेतो. माझ्या खोलीजवळ महापालिकेची शाळा आहे. म्हणजे हितं कुणालाच काय वाटायला नको.”

“आन् तू कारखान्यात गेल्यावर पोरीला बघनार कोन?” मायाक्का पहिल्यांदा बोलली. “शेजारीण? का पंखा?”

शिवराजनं पुन्हा खांबाला पाठ टेकली.

“तितं न्यायचं न्हाय आन् वस्तीवरबी घालायचं न्हाय,” जोतिराम म्हणाला. “एकवीस पोरं हायती आपल्या शाळंत. वीसच्या खाली पट गेला की दुसऱ्या मास्तरचं पदच जाईल म्हनत्यात. अध्यक्षाचीच नात गेल्यावर बाकीचे थांबतील व्हय? सा म्हैन्यात कुलूप लागंल. लोकं म्हनतील, जोत्याची शाळा जोत्यानंच बुडीवली.”

हे मात्र खरं होतं. प्रियदर्शनीनं आतल्या दाराकडं बघितलं. तिथं आता राजाबाई उभी होती, हाताला पीठ तसंच.

*

राजाबाईला वाटलं होतं आपण बोलायचं नाही. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या आणि दिराच्या भांडणात तिनं तोंड घातलं नव्हतं. सून शाळेत जाऊन आली हे कळल्यावर काल तिनंही तिला सुनावलं होतं, घरातली गोष्ट घरातच ठेवायची म्हणून. पण रात्रभर तिला डोळ्यापुढं एकच दिसत राहिलं.

“मला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“काय ठावं हुतं?”

“पोरीला वाचाया येत न्हाय ते. दिवाळीपास्नं ठावं हाय.”

“आत्या?” सासूकडं बघून प्रियदर्शनीच्या तोंडून निघालं.

राजाबाई उंबऱ्यावरच टेकली. “मेंढरांच्या औषधाची बाटली आनलीवती ह्यांनी. किती पाजायचं ते कागदावर लिवल्यालं. मी म्हनलं, आरू, वाच गं. तिनं कागद धरला अन् माझ्या तोंडाकडं बघाया लागली. कागदाकडं न्हाय, माझ्या तोंडाकडं. म्हनली, धा मिली. मी म्हनलं, धा कसं, बारक्या कोकराला? लगीच म्हनली, न्हाय न्हाय, पाच. माझ्या तोंडावरनं वाचत हुती ती.”

“मग बोलली का न्हाईस?” जोतिरामचा आवाज खाली आला होता.

“काय बोलू? मीबी तेच करती की. स्टँडवर एसटी आली की पाटीकडं बघती. कळत तर काय न्हाय. मग चढनाऱ्या मान्सांच्या तोंडाकडं बघती. वळखीचं कुनी दिसलं की चढती. साठी आली माझी, तुमाला तरी कळलं का कवा?” तिनं पिठाचा हात पदराला पुसला. “मला वाटलं, लेकराची लाज झाकावी. माझी मी झाकली तशी. पर काल हिनं दाखला मागितला म्हनल्यावर झोप लागली न्हाय मला. म्या झाकून ठेवलं तर ती साठ वर्सं झाकंल.”

जोतिराम बायकोकडं बघत राहिला. तिच्यासोबत तो हजारदा एसटीत चढला होता. ती नेहमी त्याच्या मागं राहायची, त्याला ती रीत वाटायची.

“बाटलीचं मी मग मेडिकलवाल्याला इचारलं,” राजाबाई म्हणाली. “पोरीला त्येबी सांगितलं न्हाय.”

मायाक्कानं चहाचा कप रिकामा करून खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

“ऊठ, जोत्या.”

“कुटं?”

“शनिवार हाय. सकाळची शाळा आसती. अकराला सुटायच्या आत जाऊन बघू वस्तीवर काय हाय ते. वाईट आसंल तर तूच सांग हिला, न्हाय घालायचं म्हनून. पर बघून सांग.”

“मी त्याच्या दारात जायचो न्हाय, आक्का.”

“त्याच्या दारात कोन चाललंय? शाळा सरकारची हाय.”

*

वस्तीच्या शाळेत शिरताना जोतिरामनं आधी पत्रा बघितला. दोन ठिकाणी गळतीचे डाग होते, त्याला बरं वाटलं. मग मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बघितलं. त्याला कडी नव्हती, सुतळी बांधली होती. तेही त्यानं मनात टिपून ठेवलं. अंगणात झाड एकच, तेही बाभळीचं. आपल्या शाळेत दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतः बारा अशोक लावले होते.

पहिल्या खोलीत पहिली-दुसरीची पोरं एका तरुण बाईंपुढं चिंचोके मोजत होती. दुसऱ्या खोलीत मुलाणी बाई होत्या. चाळिशीच्या, अंगानं बारीक, कपाळापर्यंत पदर. त्यांनी जोतिरामला ओळखलं. पंचक्रोशीत न ओळखणारं कोण होतं? पण त्यांची धावपळ झाली नाही. “या आप्पा, या मावशी,” म्हणून त्यांनी खुर्ची मायाक्काला दिली आणि जोतिरामला खिडकीचा कट्टा दाखवला.

“एवढं संपवते, मग बोलू.”

पोरं तीन-तीनच्या घोळक्यात सतरंजीवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात जुन्या वर्तमानपत्राचा फाटका तुकडा. कुणी कांद्याचे भाव वाचत होतं, कुणी हरवल्याची जाहिरात. एका पोराकडं तुकडा उलटा होता, त्याला शेजारणीनं टपली मारून सरळ करून दिला. गोंगाट चांगलाच होता. जोतिरामला राहवलं नाही.

“पुस्तकं न्हाईत व्हय तुमाला, बाई?”

“आहेत की. पण पुस्तक पाठ होतं, आप्पा. पेपर पाठ होत नाही.”

जोतिरामनं खिशात हात घातला. परवाच्या ग्रामसभेची नोटीस घडी करून ठेवलेली होती. त्यानं ती उलगडली आणि जवळ बसलेल्या एका पोरीपुढं धरली. नाकात चमकी असलेली, केस विस्कटलेले. मेंढरामागं जाणाऱ्या हरिबाची ती मुलगी, हे त्याला चेहऱ्यावरून कळलं.

“हे वाच.”

पोरगीनं बाईंकडं बघितलं. बाई दुसऱ्या घोळक्यात होत्या. तिनं ओळीखाली बोट ठेवलं. “ग्रामस्थांना... कळविण्यात येते की... ग्रामसभेत...” वाचता वाचता ती अडली. “अं... अंदा...” ओठ हलले, बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. “अंदाज. पत्रक. अंदाजपत्रक!” मग मान वर करून म्हणाली, “म्हंजी काय?”

“म्हंजी...” जोतिरामनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. “म्हंजी वर्सभर गावात काय काय कामं करायची, त्येला किती लागंल, ते आधी मांडून बघायचं.”

“मग आंदाजच की,” पोरगी म्हणाली आणि पुढं वाचू लागली.

मायाक्कानं भावाकडं बघितलं, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

मधल्या सुट्टीत मुलाणी बाई पाणी घेऊन आल्या. जोतिराम सरळ बोलला. “तुमच्याकडं काय हाय जे आमच्याकडं न्हाय? मला नीट सांगा. मला राग यायचा न्हाय.”

“अशी तुलना नका करू, आप्पा.”

“तुलना करायाच आलोय मी.”

बाईंनी बोटानं वर दाखवलं. “मग सगळंच बघा. पत्रा गळतो. स्वच्छतागृहाला कडी नाही, मुली एकमेकींना राखण उभ्या करतात. चौथीतल्या दोघांचा भागाकार अजून चुकतो. हे मी दर महिन्याला लिहून देते, आमच्या समितीपुढं वाचूनही दाखवते. आता तुमचं बघा. बिराजदार सर एकटे चार वर्ग सांभाळतात. दुसरं पद दोन वर्षं रिकामं आहे. त्यात ऑनलाइन माहिती भरा, सर्व्हेला जा. आम्ही तेवीस मुलांना दोघी आहोत. उद्या मला तिथं एकटीला टाकलं तर माझीही पोरं पाठच करतील.”

जोतिरामनं पाण्याचा ग्लास हातात तसाच धरला. त्याला आठवत होता तो पहिल्या तारखेचा छापील कागद. ‘वाचन येणारे विद्यार्थी : शंभर टक्के.’ खाली अध्यक्षांची सही. दर महिन्याला तो ती सही करत आला होता, मोठ्या अक्षरात, खाली रेघ ओढून. एकदाही वर्गात जाऊन बसला नव्हता. जागा दिली, झाडं लावली, टीव्ही आणला, झेंडावंदनाला नारळ फोडला. मुलांना काय येतं हे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. आणि बघ म्हणून कुणी म्हटलंही नव्हतं, कारण त्याच्या तोंडावर कोण म्हणणार?

“सोमवारी माझी नात येईल,” तो म्हणाला. “तिला वाचाया येत न्हाय. अजाबात न्हाय. तुमाला आधीच सांगून ठेवतो.”

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “सांगत नाहीत लोक. दिवाळीपर्यंत येईल तिला. आणि शनिवारी तुमच्या शाळेतली बाकीची पोरंही आणून बसवा आमच्यात.”

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की जोतिरामला एकदम बसावंसं वाटलं, आणि तो तर बसलेलाच होता.

बाहेर बाभळीखाली सिदू उभा होता. वैष्णवीनं धावत जाऊन सांगितलं असावं. अंगात बनियन, हाताला चिखल, पाणी धरता धरता तसाच आला होता. दोघं भाऊ चार हातांवर थांबले. या वेळी मायाक्का मुद्दामच दहा पावलं पुढं निघून गेली, दोघांना बोलायला तिसरं माणूस उरलं नाही.

“काय बघितलंस, दादा?” सिदू म्हणाला.

“पत्रा गळतुया.”

“गळतुया की.”

“आन् पोरं वाचत्यात.”

सिदूनं हातावरचा चिखल खरवडला. जोतिराम वाट बघत होता, आता हा बोलणार, सहा वर्षांचं सगळं बोलणार.

“त्यात माझं काय न्हाय,” सिदू म्हणाला. “बाई चांगल्या मिळाल्या. मी तर निस्ता तुझ्यावर चिडून शाळा धरून बसलो हुतो.” मग म्हणाला, “तुझी जागा चांगली हाय. वढ्याचं पानी घुसतंय म्हनून मी लिवून दिलं हुतं अर्जात. खोटं हुतं ते.”

“ठावं हाय मला.”

“मग बोलला न्हाईस कवा?”

“तूबी न्हाई बोललास.”

मायाक्कानं लांबूनच हाक मारली. उन्हात तिला चालवत नव्हतं. सिदू म्हणाला, “मोटारसायकलवर सोडतो आक्काला,” आणि जोतिराम म्हणाला, “सोड. घरात ये पर. भायेरनं परत जाऊ नगंस.”

*

वाटेत जोतिरामनं बिराजदार सरांना फोन लावला. चालता चालता बोलला, थोडं ओरडूनच, कारण रेंज कमी होती.

“सर, पोरीचा दाखला तयार ठेवा. सोमवारी येतो. आन् त्यो शंभर टक्क्याचा कागद हाय न्हवं, ह्या म्हैन्यात त्येच्यावर सही करनार न्हाय मी. खरा आकडा लिवा.”

पलीकडनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“आप्पा,” सर म्हणाले, “नऊ पोरं वाचतात. एकवीसपैकी नऊ. दोन वर्षं सांगायचं सांगायचं म्हणत होतो. तुम्ही एवढ्या हौसेनं शाळा उभी केलीत, म्हटलं कोणत्या तोंडानं सांगू.” मग भराभर म्हणाले, “मी एकटा आहे हो. चार वर्गांत नाही पुरत.”

“मग तसं लिवा की! एकटा हाय म्हनून लिवा. मी सही करतो, बाकीच्या पालकांच्या घेतो, आन् सोलापूरला जिल्हा परिषदेत जाऊन बसतो. मास्तर मिळाल्याशिवाय उठत न्हाय. मुलाणी बाईंशीबी बोललोय. शनिवारी आपली पोरं त्यांच्यात बसवू म्हनल्यात. पट गेला तर जाऊ द्या.”

“जाणार नाही, आप्पा,” सर म्हणाले. मग हसल्यासारखा आवाज आला. “आज पहिल्यांदा जेवण जाईल मला.”

घरी प्रियदर्शनीला यातलं काही माहीत नव्हतं. मोटारसायकलचा आवाज आला म्हणून ती बाहेर आली, तर मायाक्का उतरत होती आणि मागं सिदूकाका चपला काढाव्यात की नाही अशा विचारात उंबऱ्याशी उभा होता. राजाबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला, आणि ताटं मांडताना एक ताट जास्त मांडलं.

जोतिराम पोचला तेव्हा सगळे पानावर बसले होते. तो हातपाय धुऊन आला, सिदूच्या शेजारी बसला. दोन घास खाल्ले. प्रियदर्शनी वाढत होती. तिचं लक्ष सासऱ्याच्या तोंडाकडं होतं आणि आमटी ताटाबाहेर सांडली.

“ती तितली शाळा,” जोतिराम ताटात बघतच म्हणाला, “सोमवारी किती वाजता भरती?”

“साडेदहाला, मामा.”

“मग आदी नऊला सरांकडनं दाखला घिऊ. तितनं थेट जाऊ. मी सोडतो तिला.”

प्रियदर्शनी भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. शिवराजनं तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाला, “बस तू. जेव. मी वाढतो.” या घरात पुरुषानं पंगतीला वाढलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मायाक्कानं मुद्दाम आणखी आमटी मागितली. प्रियदर्शनी राजाबाईशेजारी जाऊन बसली. सासूनं स्वतःच्या ताटातली गरम भाकरी मोडून अर्धी तिच्याकडं सरकवली.

आरोही आजोबांच्या समोर बसली होती. सकाळपासून आपल्यावरून काहीतरी चाललंय हे तिला कळत होतं, पण विचारायचं धाडस नव्हतं. भाकरीचा तुकडा तिनं आमटीत कधीचा भिजवून ठेवला होता.

“आप्पा,” ती हळूच म्हणाली, “तितल्या बाईंनी वाच म्हनलं अन् मला न्हाय आलं तर?”

जोतिरामनं हातातला घास ताटात ठेवला.

“न्हाय आलं तर न्हाय येत म्हनायचं,” जोतिराम म्हणाला. “बाईंस्नी मी सांगितलंय. त्या शिकवनार हायत.”

“रागवनार न्हाईत?”

“न्हाय. कुनीच न्हाय.”

आरोहीनं आईकडं बघितलं, मग आज्जीकडं. दोघींच्या तोंडावर तिला रागाचं काही सापडलं नाही.

“मग मला न्हाय येत,” ती मोठ्यानं म्हणाली, अगदी स्वच्छ, आणि भिजलेला तुकडा तोंडात टाकून दुसरी भाकरी मागितली.